साडेसतराची कॉलर

सहा वर्षांनी आईसमोर आलेली मुलगी आधी काय करते? पाया पडली नाही तरी चालेल, पण "कशी आहेस" एवढं तरी विचारते की नाही? आमची कुंदा दारात उभी राहिली, खांद्यावरची पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही, आणि माझ्याकडं न बघता त्या परक्या डॉक्टरणीला म्हणाली, "आई खोटं सांगतेय. ते लिहू नका."

ही वागणूक. चौदा वर्षं झाली, तरी आठवलं की कानशिलं तापतात. आणि आठवत नाही असा दिवस जात नाही.

मला पित्ताशयात खडे झाले होते. मिरजेच्या एका मोठ्या हॉस्पिटलात ते दुर्बिणीनं काढायचं ठरलं. तीन भोकं पाडायची, तिसऱ्या दिवशी घरी. पण त्याआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तपासून होकार द्यावा लागतो म्हणे. तेवढ्यासाठी माझा धाकटा, दिगंबर, मला सकाळच्या एसटीनं तासगावहून घेऊन आला. एसटीच्या तीन पायऱ्या चढायला मला दोन माणसं लागली, ते सोडा.

खोलीत एक पंचविशीतली पोर बसली होती. पांढरा कोट, केस वर खोचलेले. कोटावर नाव होतं, निशिगंधा.

"या आजी, बसा."

"आजी कुणाची?" मी म्हणाले. "माझ्या नातवाचं बारसं अजून व्हायचंय. आक्का म्हण. अख्खं तासगाव म्हणतं."

"बरं, आक्का. आधी काट्यावर उभ्या राहा." मी राहिले, तर ही बया घंटा वाजवल्यासारखी ओरडली, "एकशे चार!"

"हळू बोल की गं! बाहेर माणसं बसलीत."

"त्यात काय, आक्का?"

"त्यात काय ते कळायला तुझी दोन बाळंतपणं व्हायची आहेत अजून."

दिगंबर भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला. त्याला ठाऊक होतं मी कशानं चिडले ते. आमचं दुकान गणपतीच्या देवळामागच्या बोळात. नवरा शर्ट शिवायचा, मी ब्लाउज. माझी शाळा तिसरीत सुटली, पण टेपवरचं एकेक सूत मला डोळे मिटून कळतं. सासूनं मला सुईत दोरा ओवायच्या आधी एक रीत शिकवली होती. अंगानं भरलेली बाई मापाला आली की तोंडानं म्हणायचं ते दोन इंच कमी, आणि वहीत लिहायचं ते खरं. पडद्याबाहेर चार बायका बसलेल्या असतात, एकीचा आकडा दुसरीच्या कानावर कशाला? मी "चाळीस" म्हटलं की लिहिणाऱ्यानं बेचाळीस लिहायचं. बारीक बाई असली तर आकडा आहे तसा. कधी वाढवायचं आणि कधी नाही हे माझ्या आवाजावरून ओळखायचं.

ते आयुष्यात एकाच माणसाला ओळखता आलं. कुंदाला. दहाव्या वर्षापासून ती माझ्या पाठीमागं स्टुलावर बसून वही लिहायची. मान वर करायची नाही. मी आकडा टाकायचा आणि मागं पेन्सिल कुरकुरायची. सोळा वर्षांत तिच्या वहीतला एक ब्लाउज घट्ट झाला नाही.

ती गेल्यावर मी एकामागून एक दोन पोरी ठेवल्या. समजावून समजावून तोंड दुखलं. एकीनं ऐकलं तसं लिहिलं आणि कन्याशाळेच्या मोठ्या बाई झेंड्याला सलाम करायला गेल्या तर काखेत टर्रकन उसवल्या. दुसरीनं भीतीनं सगळ्यांनाच दोन वाढवले आणि बारक्या बायका पिशवीत शिरल्यासारख्या दिसायला लागल्या. शेवटी दोघींना काढलं. आकडा मीच म्हणायची, आणि वळून मीच लिहायची. पण इतक्या वर्षांची सवय. आकडा टाकला की मी क्षणभर थांबायचीच, मागं काही वाजतंय का म्हणून.

तर ती निशिगंधा. तिनं टेप काढली आणि माझ्या कमरेभोवती घालायला लागली. लुगड्याच्या निऱ्यांवरून! शिवाय मागं टेपला पीळ पडलेला.

"दे इकडं," मी टेप ओढून घेतली. "पीळ पडला की माप गेलं. कुणी शिकवलं तुला?"

"कुणीच नाही," ती हसली. पोर दिलानं चांगली होती, एवढं खरं. "मी अभ्यास करतेय आक्का. थिसिस. जाड माणसांच्या अंगावर चरबी कुठं किती आहे ते मोजायचं. मान, कंबर, हनुवटीखाली. आणि मग बघायचं, कुणाच्या घशात नळी घालायला जड गेलं."

"घशात कशाला नळी? खडे पोटात आहेत माझ्या."

तिनं स्टूल पुढं ओढलं. "भूल दिली की तुमचा श्वास थांबतो. तो आम्ही द्यायचा, नळीतून. ती नळी श्वासाच्या वाटेत घालायला आत वाट दिसावी लागते. मानेत चरबी जास्त असली की दिसत नाही. आणि वाट सापडेपर्यंत आमच्या हातात मिनिटं थोडी असतात."

"सापडली नाही तर?"

"म्हणून तर आधी मोजतो."

"मग वजन केलंस की आत्ता. बोंबलून केलंस. त्यावरून कळत नाही?"

"तीच तर गंमत आहे. वजनावरून पक्कं कळत नाही. शंभर किलोच्या एखाद्या बाईला नळी सहज जाते आणि ऐंशीवालीला घाम फोडते. किती आहे यापेक्षा कुठं आहे ते महत्त्वाचं, असं मला वाटतंय. ते खरं की खोटं तेच बघायचंय."

मला ती आवडली ती तेव्हा. कारण हे मला पस्तीस वर्षांपासून ठाऊक होतं. दोघींचं वजन एक असतं, पण एकीचा ब्लाउज दुसरीला कधी होत नाही. हे मी तिला सांगितलं तर तिनं चक्क कागदाच्या कोपऱ्यात लिहून घेतलं.

मग तिनं एक चिमटा काढला आणि माझ्या हनुवटीखालचं मांस धरून मोजलं. मी सोसलं. कंबर मी मोजली, आकडा तिला टेपवर दाखवला. मग ती म्हणाली, "झोपेत घोरता का? श्वास अडकतो का?"

"छे."

दिगंबर खोकला. मी त्याच्याकडं बघितलं. तो पुन्हा कॅलेंडरकडं वळला.

"आता मान," ती म्हणाली. "हे सगळ्यात महत्त्वाचं."

ब्लाउजच्या गळ्याचं माप वेगळं असतं. पुढं किती खोल, मागं किती खोल. गळ्याभोवती टेप फिरवतात ती पुरुषांच्या कॉलरला. ते काम नवऱ्याचं. माझी मान मी कधीच मोजली नव्हती. मी टेप फिरवली, बोटानं आकडा धरला, सोडवून डोळ्यांसमोर आणली.

साडेसतरा.

आमच्या बोळात तालमीतला एक पैलवान कॉलरच्या शर्टासाठी यायचा. त्याची साडेसतरा होती. नवरा त्याचं माप घेताना म्हणायचा, "ही मान नव्हे, खांब आहे."

मी मोठ्यानं म्हणाले, "साडेपंधरा."

मुद्दाम म्हणाले की सवयीनं, हे मला आजही नक्की सांगता यायचं नाही. आवाज मात्र दुकानातला लागला. आकडा टाकला आणि मी थांबले.

"साडेपंधरा इंच म्हणजे... साधारण एकोणचाळीस सेंटिमीटर," निशिगंधा म्हणाली. "अरे वा, मला जास्त वाटली होती." तिनं पेन टेकवलं.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "आई खोटं सांगतेय. ते लिहू नका. दोन वाढवा. साडेसतरा."

कुंदा होती. केसात पांढरं आलं होतं. बत्तिसाव्या वर्षी. दिगंबरनं तिला फोन करून बोलावलं होतं, मला न विचारता.

"तुम्ही कोण?" निशिगंधानं विचारलं.

"मी यांची वही लिहायचे."

मुलगी म्हणाली नाही. वही लिहायचे म्हणाली.

"अगं तू बघितलंस काय टेपवर?" मी म्हणाले. "दारातनं दिसलं होय तुला?"

"दिसायला कशाला पाहिजे? ऐकू आलं." अजून माझ्याकडं बघत नव्हती. "डॉक्टर, तुम्ही स्वतः मोजा."

निशिगंधानं टेप घेतली. या खेपेला पीळ पडू दिला नाही. आकडा वाचला आणि तिचं हसू गेलं. "साडेचव्वेचाळीस सेंटिमीटर. आक्का! हे मला कुणी सांगितलं नसतं तर..." दिगंबरकडं वळून म्हणाली, "आता तुम्ही सांगा. घोरतात?"

"शेजारच्या बोळापर्यंत जातं," दिगंबर म्हणाला. एकदा तोंड उघडल्यावर मग त्याला खंड नाही. "आणि दोन वर्षं झाली, आडवी होत नाही. खुर्चीत बसून झोपते. आडवी झाली की श्वास अडकतो आणि दचकून उठते."

मग पळापळ झाली. तिचे मोठे सर आले, त्यांनी मला तोंड उघडायला लावलं, मान मागं टाकायला लावली, ती जाईना. दोघं कोपऱ्यात बोलले. ठरलं असं की मला आधी झोपवायचंच नाही. जागेपणीच घसा बधिर करून, नाकातून बारीक कॅमेऱ्याची नळी घालून वाट शोधायची, नळी जागेवर बसली की मगच भूल. परवा सकाळी.

वॉर्डात खाट मिळाली. दिगंबर डबा आणायला गेला आणि कुंदा माझ्यासमोर स्टुलावर बसली. समोर. मला त्याची सवय नव्हती. ती पाठीमागं बसायची.

"जेवतेस का नीट?" मी विचारलं.

"जेवते."

"सांगलीत अजून त्याच कारखान्यात?"

"हो. शाळेच्या गणवेशांचं कटिंग. आता माझ्या हाताखाली सहाजणी आहेत."

"मापं घेता?"

"मापं कसली? नंबर असतात. बावीस, चोवीस, सव्वीस. पोरं नंबरात बसवायची."

मग तिनं विचारलं. सहा वर्षं ज्याची मी धास्ती घेतली होती तेच.

"त्या दिवशी माझा आकडा खरा का म्हणालीस?"

त्या दिवशी दुकानात कुंदाच्या सोयरिकीचे जतचे लोक आले होते. मुलाचं कापडाचं दुकान, मुलगा शांत, आणि कुंदा त्याच्यावर भाळली होती. पंधरा दिवस ती रोज गजरा घालत होती, जी आधी कधी फुलाला हात लावायची नाही. मुलाची आई लग्नाच्या ब्लाउजांची मापं द्यायला आली होती, बाहेर पाच-सहा बायका बसल्या होत्या. विहिणीचं माप झालं. मी कुंदाला म्हटलं, "ये, आता तुझं घेऊ." टेप फिरवली. आणि देवळातल्या घंटेसारखं मोठ्यानं म्हणाले, "छाती चव्वेचाळीस!"

विहीण म्हणाली, "अगं बाई, माझ्यापेक्षा चार जास्त!" बाहेर कुणीतरी हसलं. आठ दिवसांनी निरोप आला, पत्रिका जमत नाही. कुंदानं त्या संध्याकाळी राहिलेली मापं लिहिली. वहीत पेन्सिल ठेवली, वही मिटली, आणि सांगलीला गेली ती गेलीच.

"घाईत तोंडातून गेलं," मी म्हणाले.

"तुझ्या तोंडातून घाईत काही जात नाही, आई." आवाज चढला नाही तिचा. "तालुक्यातल्या सगळ्या जाड बायकांची लाज तू झाकलीस. एक मीच उघडी पडले."

माझ्या जिभेला कधी हार ठाऊक नाही. कलेक्टर कचेरीतल्या साहेबिणीला मी गप्प केलेलं आहे. पण तेव्हा मी पायावरची चादर सारखी करत बसले.

ती म्हणाली, "ऑपरेशन होईस्तोवर थांबते. मग जाईन."

ठरल्या दिवशी सकाळी नर्सनं हॉस्पिटलचा अंगरखा आणून दिला. मागून बंद बांधायचे. माझ्या पाठीवर दोन टोकं वीतभर लांब राहिली. नर्स म्हणाली, "असू दे मावशी, वर चादर घालू." कुंदा म्हणाली, "पाच मिनिटं थांबा." पिशवीतून सुईदोरा काढला. ओढणी अंगावरची उतरवली, दातानं टोक फाडलं, पट्टी काढली, आणि मी खाटेवर पाठ करून बसले असताना अंगरख्याला जोडायला लागली. टेप नव्हती. बोटांनी माझी पाठ मोजली. सहा वर्षांनी तिचा हात लागला तो असा, माप घ्यायला. पाठीमागं दोरा कापडातून ओढल्याचा बारीक आवाज येत होता. मी मुद्दाम सावकाश श्वास घेतला, म्हणजे तिला पुन्हा पुन्हा मोजावं लागेल.

"लूजिंग ठेवलंय दोन बोटं," ती म्हणाली. "श्वास घ्यायला."

कानातल्या कुड्या मी तिच्या हातावर ठेवल्या. "दिगंबरच्या बायकोला द्यायच्या का?" तिनं विचारलं. "मी मेल्यावर भांडा," मी म्हणाले. "आत्ता नुसत्या धर."

आत नेलं तेव्हा मला अर्धवट बसवूनच ठेवलं होतं. तोंडात कडू औषधाचे फवारे मारले. जीभ, टाळा, घसा, सगळं परक्याचं झालं. नाकातून ती काळी बारीक नळी शिरायला लागली. निशिगंधा माझा हात धरून उभी होती. "मोठा श्वास, आक्का. आणखी मोठा. छान." सर पडद्यावर बघत होते. "डावीकडे... नाही. परत ये," ते स्वतःशीच म्हणत होते. माणूस माझ्या घशात वाट शोधत होता आणि त्याला ती सापडत नव्हती, आणि मी जागी होते. नाहीतर तेव्हा मी निपचित पडले असते, श्वास थांबलेला, आणि यांच्या हातात मिनिटं थोडी.

मला त्या वेळी देव आठवायला हवा होता. मला स्टूल आठवलं. त्यावर बसलेली दहा वर्षांची पोर, पाय जमिनीला न टेकणारे, जिभेचं टोक दातात धरून बेचाळीस लिहिणारी. ती पोर मला एकदा मागं वळून बघायची होती. सोळा वर्षं ती माझ्या पाठीशी बसली आणि मी कधी वळून बघितलं नाही. गिऱ्हाईक पुढं असायचं.

"मिळाली," सर म्हणाले. पुढचं मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी निशिगंधा आली. माझा घसा सोलल्यासारखा झाला होता. "आज बोलायचं नाही हं आक्का," ती म्हणाली. "तुम्हाला जड जाईल, पण नाहीच." मग कुंदाकडं वळली. "आत काहीच नीट दिसत नव्हतं. कॅमेऱ्यालासुद्धा शोधावं लागलं. आधी झोपवून बघितलं असतं तर... ताई, तुम्ही वेळेवर आलात."

कुंदा नुसती मान हलवून उठली आणि पिशवी भरायला लागली. "चारपर्यंत कारखान्यात पोचायचंय," ती म्हणाली. "दिगू आहेच."

मी हातानं खुणावलं. वही. तिच्या पिशवीत लांब, अरुंद वही होती, आमच्या दुकानात असायची तसलीच. तिनं दिली, पेन्सिल दिली. माझं अक्षर तिसरीतलं. आकडे तेवढे वळणदार येतात. मी आधी आकडा लिहिला, ४४. मग खाली लिहिलं, "मुद्दाम बोलले. लग्न मोडावं म्हणून. तू गेल्यावर वही कोण लिहिणार." ते वाचलं आणि शेवटचं खोडलं. वहीचं काय, कुणीही लिहील. खोडलेल्याखाली लिहिलं, "मला तू जायला नको होतीस."

सासूची रीतच होती ती. वहीत लिहायचं ते खरं.

कुंदानं वाचलं. पुन्हा वाचलं. चेहऱ्यावरून काही कळेना, माझीच पोर. वही मिटून पिशवीत टाकली, कुड्या माझ्या उशाशी ठेवल्या. ओढणीला टोक नव्हतं, तशीच खांद्यावर घेतली.

"येते," म्हणाली. जाते नाही म्हणाली.

अजूनही ती सणासुदीला येते, दोन तास बसते, आणि सांगलीला जाते. दुकान बंद झालं. ते स्टूल मी कुणाला बसू देत नाही. पण त्या दिवशी हे मला कुठं ठाऊक होतं? मला वाटलं, ही आता गेली की गेली. दारापर्यंत ती गेली आणि तिथं थांबली. वळली नाही. पाठ माझ्याकडं, मान किंचित खाली, कान मागं. वहीवर पेन्सिल टेकवून आकड्याची वाट बघायची, अगदी तशी.

डॉक्टरणीनं बोलू नको म्हटलं होतं. मी घसा खाकरला, रक्ताची चव आली, तरी दुकानातला तो दोन कमी म्हणायचा आवाज लावला आणि मोठ्यानं म्हणाले, "कुंदे, वागायला तू काही अगदीच वाईट नाहीस."